आस तोडणारा हात

मिरजेला मामांकडे गेलं की दुपारी त्यांच्या शिकवणीच्या खोलीत जाऊन बसायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. विद्यार्थी चारनंतर येतात. तोवर मामा हातोडी घेऊन एकेक तबला सुरात लावत असतात. या खेपेला त्यांनी गजऱ्यावर हलकेच दोन ठोके दिले, ‘ना’ वाजवून कान लावला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

“तुझी आई सांगत होती, तीन वर्षं तू एक प्रथिन कसं मोडतं त्याचा अभ्यास करतेयस. बनतं कसं ते नव्हे, मोडतं कसं. खरं का गं?”

“खरं आहे, मामा.”

“प्रथिन म्हटलं की मला डाळ आठवते, अंडी आठवतात. ती पोटात मोडतात एवढं ठाऊक आहे. त्यात मेंदूचं काय?”

“डाळीतलं प्रथिन पोटात मोडतं, त्याची अमिनो आम्लं सुटी होतात, आणि त्यांतूनच पेशी स्वतःला हवी ती प्रथिनं नव्यानं जोडते. एकेका पेशीत हजारो प्रकारची. पेशीतलं बहुतेक काम तीच करतात. त्यांची आयुष्यं मात्र फार वेगवेगळी. तुमच्या डोळ्याच्या भिंगातली काही प्रथिनं तुम्ही जन्मायच्या आधी बनली, ती अजून तीच आहेत. आणि आमच्या कामातलं एक असं आहे, की ते बनल्यावर वीसेक मिनिटांत निम्मंच उरतं.”

“वीस मिनिटांत? मग बनवायचं तरी कशाला?”

“त्यासाठी आधी मेंदू उभा कसा राहतो ते सांगते. गर्भात त्याची सुरुवात एका पोकळ नळीनं होते. त्या नळीच्या भिंतीत मेंदूच्या मूलपेशी असतात. प्रत्येकीपुढे एकच पेच पुन्हा पुन्हा येतो: आणखी एकदा विभागून मूलपेशीच राहायचं, की चेतापेशी व्हायचं? चेतापेशी झाली की परतीची वाट बंद, ती पुन्हा विभागत नाही. सगळ्या मूलपेशी घाईघाईनं चेतापेशी झाल्या तर पुढच्या पेशी बनवायला कोणी उरत नाही, मेंदू लहान राहतो. एकही झाली नाही तर बियाण्याची कणगी भरलेली आणि शेत मोकळं.”

“आणि चेतापेशींना सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात ना? कुठंतरी वाचलंय मी.”

“ग्लिया. ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट, आणि चेतापेशींच्या तंतूंवर वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट. त्याही मूलपेशींपासूनच होतात, पण नंतर. आधी चेतापेशी, मग ग्लिया. हा क्रम कसा राखला जातो यावर आपल्या मुंबईत काम झालंय. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनं २०११ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी ज्याचा संबंध आहे त्या भागात, एलएचएक्स२ नावाचं प्रथिन हा क्रम धरून ठेवतं असं दाखवलं. ते काढून घेतलं की मूलपेशी वेळेआधीच अ‍ॅस्ट्रोसाइट बनवायला लागतात. जास्तीचं दिलं की चेतापेशींकडेच कल राहतो.”

“म्हणजे ही हुकूम देणारी प्रथिनं.”

“हुकूम म्हणा. ती डीएनएवर जाऊन बसतात आणि ठरावीक जनुकं उघडतात किंवा मिटतात. पोथी सगळ्या पेशींत एकच, प्रत्येकीत उघडलेलं पान वेगळं. आता आपल्या गोष्टीत दोघं महत्त्वाची. अ‍ॅस्कल१ मूलपेशीला चेतापेशीकडे ढकलतं. हेस१ तिला अडवतं, अ‍ॅस्कल१चं जनुकच मिटवून टाकतं. मला कॉलेजात हे फळ्यावर तराजू काढून शिकवलं होतं. हेस१चं पारडं जड तर मूलपेशी, अ‍ॅस्कल१चं जड तर चेतापेशी.”

“साधं आहे की मग.”

“साधं होतं, पण मेंदूच्या कापांशी नीट जुळत नव्हतं. उंदराच्या गर्भाच्या मेंदूचा पातळ काप घेऊन त्यात हेस१ रंगवलं, तर शेजारी शेजारी बसलेल्या मूलपेशींत एकीत भरपूर आणि दुसरीत जवळजवळ नाहीच. तीळ-तांदूळ मिसळल्यासारखं. सगळ्या मूलपेशीच, मग हा फरक कसला? दोन जातींच्या पेशी असाव्यात, असं वाटणं साहजिक होतं.”

मामांनी तबला मांडीशी ओढला. “मी वाजवत असताना तू फोटो काढलेस, तर एकात माझा हात वर दिसेल, एकात खाली. ते दोन तबलजी नव्हेत.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या गोष्टीपर्यंत पोचायला मला आणखी दहा वाक्यं लागली असती, तिथं ते एका फोटोत येऊन बसले होते.

“तसंच निघालं, मामा. क्योटो विद्यापीठात र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटानं २००२ साली दाखवलं, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हेस१ची पातळी साधारण दर दोन तासांनी चढते आणि उतरते. २००८मध्ये तोच चढउतार मेंदूच्या मूलपेशींत दिसला. पुढे कळलं की अ‍ॅस्कल१ही चढतं-उतरतं, पण हेस१च्या उलट. एक वर असताना दुसरं खाली.”

“दोन तासांचं आवर्तन. मात्रा कोण मोजतं?”

“वेगळं कोणी नाही. हेस१ स्वतःच्या जनुकावरही जाऊन बसतं आणि तेही मिटवतं. जनुक मिटलं की नवं हेस१ बनायचं थांबतं. आधीचं असतं ते वीसेक मिनिटांत निम्मं, आणखी वीस मिनिटांत पाव, असं विरत जातं. ते बनवण्याचा निरोप घेऊन आलेला आरएनएसुद्धा तितक्याच लवकर विरतो. पुरेसं विरलं की जनुकावरचा पहारा उठतो, आणि पुन्हा समेपासून सुरू.”

मामांनी डग्ग्यावर ‘गे’ वाजवला आणि हात वर उचलून धरला. घुमारा खोलीभर रेंगाळला. मग पुन्हा तोच ‘गे’, पण या वेळी लगेच तळहात टेकवून आस तोडली.

“नवी पोरं येतात, त्यांना वाटतं तबला म्हणजे बोटं मारणं. अर्धा तबला हात टेकवण्यात आहे. आस जिथं तोडायची तिथं तोडली नाही, तर विलंबितात एक वेळ खपून जाईल. द्रुतात पुढचा बोल मागच्याच्या घुमाऱ्यात बुडतो. तुझं ते प्रथिन वेळेवर मोडलं नाही तर आवर्तन बिघडणार, बघ.”

“बिघडतं. हेस१चं एक भावंड आहे, हेस७. त्याचं काम मेंदूत नाही, गर्भाच्या पाठीत आहे, जिथं पुढे मणके होतात तिथं. तिथंही असंच आवर्तन चालतं आणि दर आवर्तनाला मणक्यांच्या साखळीचा एकेक तुकडा वेगळा पडतो. २००४ साली कागेयामांच्याच गटानं उंदराच्या हेस७मध्ये एका अमिनो आम्लाचा बदल केला. जनुक मिटवण्याचं त्याचं काम तसंच राहिलं. फक्त निम्मं व्हायला २२ मिनिटं लागायची, तिथं ३० लागू लागली.”

“आठ मिनिटं.”

“आठ मिनिटं. पहिली तीन-चार आवर्तनं नीट गेली, मग लय विस्कटली. त्या पिल्लांचे मणके आणि बरगड्या वेड्यावाकड्या झाल्या, एकमेकांत मिसळल्या.”

हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला त्या दिवसापासून माझा विषय ठरला. तोवर माझ्या मनात जन्मतःच्या व्यंगाचं कारण म्हणजे काहीतरी कमी असणं, नाहीतर चुकीचं असणं. इथं प्रथिन हजर होतं, पुरेसं होतं, आपलं काम जाणत होतं. त्याला जायला उशीर झाला होता.

“पण मग हात कोणाचा?” मामा म्हणाले. “आस काय आपोआप तुटते?”

“नाही. यावर एक जुनं कोडं होतं. प्रथिन मोडायला खरं तर ऊर्जा लागायला नको. उतारावरून गाडी सोडायला इंजिन कशाला? पोटातले पाचक रस तसेच ते तोडतात. पण पेशीच्या आत प्रथिनं मोडताना ऊर्जा खर्च होते, हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं. का, ते कळत नव्हतं. इस्राएलमधले अव्राम हर्श्को आणि आरोन चिएचानोव्हर आणि अमेरिकेतले अर्विन रोझ यांनी ते उलगडलं. २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. ऊर्जा जाते ती मुख्यतः नेमकं कोणतं प्रथिन मोडायचं याची खूण करण्यात आणि त्याची घडी उलगडून ते आत ओढण्यात.”

“खूण?”

“युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. ते एकापुढे एक असं साखळीनं चिकटवलं, की प्रोटिआसोम नावाचं पिंपाच्या आकाराचं यंत्र त्या प्रथिनाला आत घेऊन तुकडे करतं. रस्तारुंदीकरणाआधी कोणीतरी येऊन भिंतींवर लाल खुणा करून जातं ना, तसं. पाडणारे मागाहून येतात, ते खूण तेवढी बघतात. खरा निर्णय खूण करणाऱ्याचा. माणसाच्या पेशीत अशी खूण करणारी ६००हून जास्त विकरं आहेत आणि प्रत्येकाची ठरलेली प्रथिनं आहेत. पाडायच्या आधी खूण सोडवून घेतली जाते, ती पुढच्याला लावायला.”

मामा थोडा वेळ तबल्याच्या शाईवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “तरी मला एक पटत नाही. अ‍ॅस्कल१ चेतापेशीकडे ढकलतं म्हणालीस. आणि मूलपेशीतही ते दर दोनेक तासांनी वर येतं म्हणालीस. मग ती पहिल्याच खेपेला चेतापेशी का होत नाही?”

हा प्रश्न विचारायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला होता.

“याचं उत्तर २०१३ साली आलं. इतारु इमायोशी आणि कागेयामा यांनी या प्रथिनांना काजव्याच्या शरीरातलं प्रकाश देणारं विकर जोडलं आणि एकेका जिवंत मूलपेशीचं लुकलुकणं तासन् तास टिपलं.”

“काजव्याचं?”

“हो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं लुकलुकतात, तोच प्रकार. रंगवलेल्या कापात पेशी मेलेली असते, म्हणून फोटोच मिळतो. काजव्याच्या उजेडात चलच्चित्र मिळालं. ज्या मूलपेशी विभागत राहिल्या त्यांच्यात अ‍ॅस्कल१, हेस१ आणि ऑलिग२ नावाचं तिसरं एक, तिन्ही चढत-उतरत होती. जी चेतापेशी होणार तिच्यात अ‍ॅस्कल१ चढलं आणि वरच राहिलं. हेस१ वर राहिलं ती अ‍ॅस्ट्रोसाइटकडे गेली. ऑलिग२ वर राहिलं ती ऑलिगोडेंड्रोसाइटकडे.”

“हे नुसतं बघणं झालं. योगायोगही असेल.”

“म्हणून त्यांनी लय आपल्या हातात घेतली. निळा प्रकाश पडला की पेशी अ‍ॅस्कल१ बनवेल, अशी सोय केली. दर तीन तासांनी प्रकाश दिला तेव्हा अ‍ॅस्कल१ चढत-उतरत राहिलं आणि पेशी विभागत राहिल्या. मग प्रकाश इतक्या जवळजवळच्या अंतरानं दिला की पातळी खाली येईचना, तेव्हा पेशी चेतापेशी झाल्या. प्रथिन तेच, मामा. त्यात काडीचाही बदल नाही.”

मामांनी पुन्हा ‘गे’ वाजवला. सोडला. पुन्हा वाजवला, तोडला. बोलले काहीच नाहीत. मीही गप्प बसले.

जनुकांचा नकाशा हाती आल्यापासून आपण ‘काय बनतं’ याच्या याद्या करण्यात फार रमलो, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या पेशीत कोणतं जनुक उघडं आहे याचे तक्ते आज ढिगानं मिळतात, आणि ते हवेतच. पण ‘बनलेलं किती वेळ टिकतं’ हा रकाना त्यांतल्या बहुतेक तक्त्यांत नसतो. मूलपेशीच्या बाबतीत तर तिचं सगळं भवितव्य त्या रकान्यात आहे.

“तुझं प्रथिन कोणतं यातलं?” मामांनी विचारलं.

“अ‍ॅस्कल१च. पण गर्भातलं नाही, मोठ्या उंदराच्या मेंदूतलं.”

“मोठेपणी काय काम त्याला? आणि मला आता पासष्ट पूर्ण झाली. माझ्या डोक्यात असतील का अजून अशा मूलपेशी?”

“उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नक्की असतात, आणि त्यांच्यापासून जन्मभर नव्या चेतापेशी होतात. माणसांबद्दल मोठा वाद आहे. २०१८मध्ये महिन्याभराच्या अंतरानं दोन शोधनिबंध आले. एकाला प्रौढ माणसात नव्या चेतापेशी जवळजवळ सापडल्या नाहीत, दुसऱ्याला सत्तरीच्या पुढच्या माणसांतही सापडल्या. वाद अजून चालू आहे, म्हणून तुम्हाला छातीठोक उत्तर देणार नाही.”

“बरं. उंदराचं सांग.”

“मोठ्या उंदरातल्या बहुतेक मूलपेशी निजलेल्या असतात. एखादीला जागं करण्यात अ‍ॅस्कल१चा हात असतो. जागी झाली की ती विभागते, नव्या पेशी देते, आणि त्यांतल्या काही परत निजतात. लोकांचं लक्ष जागं होण्याकडे होतं, निजण्याकडे फारसं नव्हतं. २०१६ साली लंडनमध्ये नोएलिया उर्बान आणि फ्रांस्वा गिमो यांनी दाखवलं, की परत निजण्यासाठी ह्यूवी१ नावाचं विकर लागतं. खूण करणारं. ते अ‍ॅस्कल१ला युबिक्विटिन लावतं, अ‍ॅस्कल१ मोडीत जातं, आणि पेशी विसावते. ह्यूवी१ काढून टाकलं तर जागी झालेली पेशी परत निजू शकत नाही. ती विभागत राहते, आणि कामाला लागू शकणाऱ्या मूलपेशींचा साठाच हळूहळू आटतो.”

“व्याजावर चालणारं घर मुद्दलावर आलं.”

“अगदी तसं.”

“माणसात काय होतं हे विकर बिघडलं तर?”

“त्याच्या जनुकात दोष असलेली कुटुंबं सापडली आहेत. मुलांची बौद्धिक वाढ मागे राहते. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलग्यांना त्रास जास्त. आणि विशेष म्हणजे २००८ साली अशी कुटुंबंही नोंदली गेली, ज्यांच्यात जनुक धडधाकट आहे पण त्याची एक प्रत जास्तीची आहे. तिथंही तोच परिणाम. अर्थात हे विकर फक्त अ‍ॅस्कल१लाच खूण करत नाही, बऱ्याच प्रथिनांना करतं. त्या मुलांत नेमकं कोणाचं गणित चुकलं, हे एका वाक्यात सांगता येणार नाही.”

“औषध?”

“थेट नाही. एक विकर बंद करायला जावं तर त्याच्या हाताखालची सगळी प्रथिनं एकदम साचतात. पण आईवडील विचारतात की आमच्या पोरात कमी काय पडलं, त्यांना निदान इतकं खरं सांगता येतं की नेहमी कमीच पडलेलं असतं असं नाही.”

मामांनी मान हलवली. बाहेर ऊन कलत आलं होतं. त्यांनी कोपऱ्यातली लहान मुलांची छोटी जोडी पुढे ओढली, खोळ काढली, आणि ती काढता काढताच म्हणाले,

“एक शेवटचं. उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांत जन्माला येतं, आपल्याला नऊ महिने. आपली प्रथिनं वेगळी म्हणून?”

“प्रथिनं जवळजवळ तीच. पायऱ्याही त्याच. लंडनमध्येच तेरेसा रायोन आणि जेम्स ब्रिस्को यांनी उंदराच्या आणि माणसाच्या मूलपेशींपासून ताटलीत चेतापेशी घडवल्या, मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या. २०२०चं काम हे. माणसाच्या पेशींना अडीच पट वेळ लागला. जनुकं उघडण्याचा क्रम एकच, बाहेरून येणाऱ्या इशाऱ्यांकडे दोन्हींचं लक्ष सारखंच. फरक सापडला तो वेगळ्याच ठिकाणी: माणसाच्या पेशींत प्रथिनं साधारण दुप्पट काळ टिकत होती.”

“विलंबित,” मामा म्हणाले.

“आणि त्याच वर्षी मिकी एबिसुया यांच्या गटानं हेस७ घेतलं. ते मघाचं, मणक्यांचं. उंदराच्या पेशींत त्याचं आवर्तन दोन-तीन तासांचं, माणसाच्या पेशींत पाच-सहा तासांचं. त्यांनी उंदराच्या पेशीत माणसाचं हेस७ जनुक बसवलं. सांगा, काय झालं असेल?”

मामांनी फार विचार केला नाही. “उंदराच्या लयीत चाललं असेल.”

“कसं ओळखलंत?”

“जो कायदा मी वाजवतो तो माझ्या गुरुजींचा. एक बोल इकडचा तिकडे केला नाही मी त्यात. पण माझ्या हातात आला की माझ्या हाताच्या लयीत येतो. कायदा लय ठरवत नाही. हात ठरवतो.” मग जरा थांबून, “आता त्या पेशीचा हात कुठं आहे ते सांग.”

“शोधतायत. २०२३ साली ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाकडे बोट दाखवणारं काम आलं. माणसाच्या कोवळ्या चेतापेशींत त्यांचं काम वाढवलं, तर त्या नेहमीपेक्षा लवकर पक्व झाल्या. पण ऊर्जेच्या वेगाचं आणि प्रथिनं टिकण्याचं नातं नेमकं कसं बांधलेलं आहे, ते अजून कोणी पूर्ण जोडून दाखवलेलं नाही.”

दाराशी चपला वाजल्या. आठेक वर्षांची एक मुलगी आत आली, मामांच्या पाया पडली आणि छोट्या जोडीपुढे बसली. तिनं जोरात ‘गे’ वाजवला आणि हात हवेत ठेवून, घुमारा कुठवर जातो ते ऐकत राहिली. मामांनी तिचं मनगट धरलं आणि तळवा अलगद डग्ग्यावर ठेवला.

“आता हा. पुन्हा एकदा.”